स्विच २ आणि लॅमिंग्टन रोड: पहिल्याच हंगामात घ्यावा का?

निन्टेंडोचा स्विच २ हा गेमिंग कन्सोल ५ जून २०२५ रोजी बाजारात आला आणि त्यानंतर दहाव्या दिवशी तो दहिसरच्या आमच्या घरी टीव्हीखाली येऊन बसला होता. न्यू जर्सीला नोकरी करणारा माझा पुतण्या सहा आठवड्यांच्या सुट्टीवर येताना तो घेऊन आला. पुणे, कोल्हापूर आणि त्याच्या आईने ठरवून ठेवलेले मुली पाहण्याचे कार्यक्रम यांमुळे तो जसजसा घराबाहेर राहू लागला, तसतसा कन्सोलचा ताबा दिवसा माझ्या सातवीतल्या मुलीकडे आणि रात्री दहानंतर माझ्याकडे येत गेला. यंत्र त्याचे होते. आपणही एक घ्यावा का, आणि घ्यायचा तर आत्ताच घ्यावा का, हा प्रश्न आमचा होता. मुलीने तो पहिल्याच रविवारी विचारला. उत्तर द्यायला मला दीड महिना आणि लॅमिंग्टन रोडच्या, म्हणजे मुंबईतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजाराच्या, तीन फेऱ्या लागल्या.

आधी यंत्राविषयी लिहितो, कारण त्याविषयी फारसा वाद नाही. आमच्याकडे २०२० साली घेतलेला जुना स्विच आहे, त्यामुळे दोन्ही शेजारी ठेवून पाहता आले. जुन्याचा पडदा ६.२ इंचांचा आणि ७२०पी होता; नव्याचा ७.९ इंचांचा, १०८०पी म्हणजे अधिक बारकावे दाखवणारा, आणि १२० हर्ट्झपर्यंत, म्हणजे सेकंदाला १२० वेळा चित्र बदलण्यापर्यंत, जाणारा आहे. जाडी जुन्याइतकीच, १३.९ मिलिमीटर आहे. दोन्ही जॉय-कॉन, म्हणजे दोन बाजूंना लागणारे हातातले कंट्रोलर, लावल्यावर वजन अर्ध्या किलोच्या थोडे वर जाते, आणि हा फरक पहिल्या अर्ध्या तासात नव्हे, अंथरुणावर आडवे होऊन खेळताना मनगटाला कळतो. पडदा एलसीडी आहे. ज्यांनी २०२१ चा ओएलईडी स्विच वापरला आहे त्यांना रात्रीच्या दृश्यांतला काळा रंग करडा वाटेल. आम्ही तो वापरलेला नसल्यामुळे आम्हाला तसे दुःख झाले नाही.

सर्वांत मोठी सुधारणा जॉय-कॉन बसवण्याच्या पद्धतीत आहे. जुने जॉय-कॉन खाचेतून सरकवून बसवावे लागत, आणि पाच वर्षांच्या वापरानंतर आमच्या डाव्या बाजूची खाच इतकी सैल झाली आहे की तो धरून यंत्र उचलायचे धाडस कोणी करत नाही. नवे जॉय-कॉन चुंबकाने बसतात. जवळ नेले की टक्‌कन आवाज होऊन जागेवर जातात आणि मागची कळ दाबल्याशिवाय सुटत नाहीत. मुलीने पहिल्या संध्याकाळी ते निदान पन्नास वेळा काढून बसवले असतील. जॉय-कॉन कडेवर आडवा धरून सरकवला की तो संगणकाच्या माउससारखाही चालतो. त्यासाठी सपाट पृष्ठभाग लागतो, आणि सोफ्यावर बसून तो मिळत नाही. आमच्या घरी या अडचणीवर उपाय म्हणून स्वयंपाकघरातला पोळपाट मांडीवर आला. पोळपाटाचा गुळगुळीत सागवान या कामाला उत्तम आहे. रात्रीच्या पोळ्या उशिरा झाल्या ही तक्रार वेगळी.

डॉकमध्ये, म्हणजे टीव्हीला जोडणाऱ्या स्टँडमध्ये, ठेवल्यावर कन्सोल टीव्हीवर ४के चित्र देतो, सेकंदाला ६० फ्रेमपर्यंत. डॉकमध्ये पंखा आहे. जूनच्या उकाड्यात, पाऊस थांबून हवा कोंदलेली असताना, सलग तीन तास खेळूनही त्या पंख्याचा आवाज छताच्या पंख्याखाली ऐकू आला नाही. जुन्या स्विचचे डॉक मात्र नव्याला चालत नाही. ज्यांनी दोन खोल्यांत दोन डॉक ठेवले आहेत त्यांनी हे आधी लक्षात घ्यावे. जुनी कार्डे, म्हणजे गेमची कार्डे, बहुतेक सगळी चालतात, आणि आमच्याकडची अकराही चालली.

बॅटरी हा या यंत्राचा कमकुवत भाग आहे, आणि कंपनी स्वतःच दोन ते साडेसहा तास असा आकडा देते. कागदावरचा आकडा आणि मुंबईचा प्रवास यांचा मेळ पाहावा म्हणून एका रविवारी सकाळी पूर्ण चार्ज करून मुलगी आणि मी धीम्या लोकलने दहिसरहून चर्चगेटला गेलो, मरीन ड्राइव्हवर भिजलो आणि परतलो. जाता-येता ती ‘मारिओ कार्ट वर्ल्ड’ हा शर्यतीचा गेम खेळत होती. परतीच्या प्रवासात अंधेरीच्या पुढेमागे पंधरा टक्के उरले होते. रविवारी बसायला जागा मिळाली म्हणून हा प्रयोग जमला. कामाच्या दिवशी सकाळच्या लोकलमध्ये जिथे मोबाईल धरायला कोपर उघडता येत नाही, तिथे हा आठ इंची पडदा बाहेर काढण्याचा प्रश्नच येत नाही.

यंत्र उत्तम आहे, हे एवढ्यावरून म्हणायला हरकत नाही. जगभरात पहिल्या चार दिवसांत त्याची ३५ लाखांहून अधिक विक्री झाली, ती उगाच नाही. पण मुंबईत बसून ‘पहिल्याच हंगामात घ्यावे का’ असे विचारणाऱ्या माणसाने यंत्राच्या गुणांपेक्षा एका वेगळ्या गोष्टीचे उत्तर आधी मिळवायला हवे: मोडले, तर कोणाच्या दारात जायचे? माझ्या मनात हा प्रश्न कुठून आला ते सांगतो.

२००२ च्या सुमारास आम्ही गिरगावातल्या चाळीत राहत होतो. एका नातलगाने अमेरिकेतून एक नवाकोरा कन्सोल आणला. कंपनीचे नाव सांगण्याचे कारण नाही, कारण चूक कंपनीची नव्हती. तो तिकडच्या ११० व्होल्टवर चालणारा होता आणि त्याच्यासोबत विटेएवढा एक स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर आणलेला होता. गणपतीतल्या पाहुण्यांच्या गर्दीत कोणीतरी इस्त्रीसाठी ट्रान्सफॉर्मर बाजूला सारला आणि कन्सोलची वायर सरळ भिंतीतल्या सॉकेटमध्ये घातली. आवाज फारसा झाला नाही. वास मात्र आरती संपेपर्यंत खोलीत होता. दुसऱ्या दिवशी तो पिशवीत घालून मी लॅमिंग्टन रोडला चालत गेलो. दुरुस्ती करणाऱ्याने पेच काढून आत पाहिले आणि सांगितले, की काय जळले आहे ते कळते, पण तो भाग इथे कोणाकडे मिळणार नाही, कारण हे यंत्रच अजून इथे कोणाकडे नाही. ‘वर्षभराने या,’ तो म्हणाला. वर्षभराने तो भाग खरोखरच मिळत होता, आणि तोवर पिशवीसकट कन्सोल भंगारवाल्याकडे गेला होता.

स्विच २ चा अ‍ॅडॉप्टर १०० ते २४० व्होल्ट घेतो, तेव्हा तो अपघात आता होणार नाही. चपट्या पिनांसाठी चाळीस रुपयांचा कन्व्हर्टर पुरतो. दुरुस्ती करणाऱ्याचे ते वाक्य मात्र जुने झालेले नाही. निन्टेंडो भारतात अधिकृतपणे कन्सोल विकत नाही. त्यामुळे इथे वितरक नाही, सेवा केंद्र नाही आणि कंपनीची वॉरंटीही नाही. मुंबईत जे मिळते ते बाहेरून आलेले असते, आणि त्याची जबाबदारी विकणारा जेवढी मानील तेवढीच.

ही जबाबदारी किती असते ते पाहायला मी ग्रँट रोड स्टेशनच्या पूर्वेला उतरून लॅमिंग्टन रोडला गेलो. पाट्यांवर त्याचे नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग असे आहे, पण त्या नावाने तो विचारला तर तिथले दुकानदारही क्षणभर थबकतात. पहिल्या फेरीत, जूनच्या तिसऱ्या आठवड्यात, चार दुकानांत स्विच २ होता. भाव ५२ हजारांपासून ५८ हजारांपर्यंत सांगितले गेले, आणि प्रत्येक भावाला ‘बिलाशिवाय’ हे शेपूट होते. पाचव्या दुकानात ४१ हजार. एवढ्या फरकाला कारण असणारच, म्हणून मी खोका हातात मागितला. खोक्यावर एका पट्टीत जपानी अक्षरे होती.

‘ही जपानची आवृत्ती ना?’ मी विचारले.

‘साहेब, माल एकच असतो. भाषा सेटिंगमध्ये जाऊन बदलायची.’

‘मग एकदा चालू करून दाखवा.’

‘सील तोडलं की माल तुमचा. मग परत नाही.’

इथे थांबून हा प्रकार नीट सांगायला हवा, कारण ११ हजारांच्या मोहात यात कोणीही सापडू शकते. निन्टेंडोने जपानसाठी दोन आवृत्त्या काढल्या आहेत. एक, २०२५ मध्ये ४९,९८० येनची, जिची यंत्रणा फक्त जपानी भाषेत चालते आणि जिला फक्त जपान हा देश निवडलेले निन्टेंडो अकाउंटच जोडता येते. दुसरी बहुभाषिक, ती तेव्हा ६९,९८० येनची. येन घसरलेला असताना स्वस्त देशी माल परदेशी पाहुण्यांच्या बॅगांतून बाहेर जाऊ नये, असा यामागचा उघड हेतू आहे. पहिल्या आवृत्तीची किंमत रुपयांत तीस हजारांच्या आसपास पडत होती. ती इथे ४१ हजारांना विकली तर विकणाऱ्याला सर्वांत जास्त नफा आणि घेणाऱ्याला सर्वांत जास्त मनस्ताप मिळतो. भाषा सेटिंगमध्ये जाऊन बदलत नाही, कारण सेटिंगमध्ये दुसरी भाषाच नसते. दुकानदाराला हे ठाऊक नसेल असे मला वाटत नाही, पण तो आग्रह तरी करत नव्हता; माझ्यामागे उभ्या असलेल्या दोन कॉलेजकुमारांकडे त्याचे लक्ष केव्हाच गेले होते. बाहेर पडताना मी त्या मुलांना खोक्यावरची पट्टी दाखवली. पुढे त्यांनी काय केले ते पाहायला मी थांबलो नाही.

इतर चार दुकानांत वागणूक सरळ होती. दोघांनी खोका उघडून, चालू करून, इंग्रजी पडदा दाखवण्याची तयारी स्वतःहून दाखवली. वॉरंटीला मात्र सगळीकडे एकच शब्द होता: ‘टेस्टिंग’. सात दिवसांत काही निघाले तर बदलून, त्यानंतर ‘बघू’. पावती मागितली की १८ टक्के वर. आता हा हिशेब मी घरी येऊन वहीत मांडला. अमेरिकेतली तेव्हाची किंमत ४४९.९९ डॉलर, म्हणजे त्या वेळच्या दराने साधारण ३८,७०० रुपये. गेमिंग कन्सोलवरचे सीमाशुल्क २०१८ च्या अर्थसंकल्पात १० वरून २० टक्के झाले, त्यावर अधिभार, आणि मग १८ टक्के जीएसटी, जो जानेवारी २०१९ पूर्वी २८ होता. हे दर धरले तर एक पैसाही नफा न घेता रीतसर आणलेला स्विच २ इथे ५५ हजारांच्या पुढे जातो. तेव्हा ५२ हजारांत, बिलाशिवाय मिळणारा खोका कोणाच्या तरी बॅगेतून आलेला आहे, हे वेगळे सांगायला नको. त्यात अमेरिकी वॉरंटी कागदोपत्री असते, पण मूळ पावती नसते, आणि पावती असली तरी ती वापरायला कोणीतरी अमेरिकेत असावे लागते.

सेकंडहँडचा विचार करणाऱ्यांसाठी एक वाक्य. चोरीचे गेम चालवणारी नकली फ्लॅश कार्डे घालून चालवलेल्या स्विच २ यंत्रांना निन्टेंडोने जूनमध्येच ऑनलाइन सेवेतून बंद करायला सुरुवात केली, आणि ही बंदी यंत्रावर लागते, त्यामुळे नव्या मालकाने स्वतःचे स्वच्छ अकाउंट जोडले तरी ती उठत नाही. दुकानात ई-शॉप, म्हणजे निन्टेंडोचे ऑनलाइन गेम-दुकान, उघडून दाखवल्याखेरीज वापरलेले यंत्र घेऊ नये.

दुसऱ्या फेरीत मी विक्रेत्यांकडे गेलोच नाही. जिन्याखालच्या दोन माणसे मावतील एवढ्या जागेत बसणाऱ्या, आमचा जुना जॉय-कॉन दोनदा दुरुस्त केलेल्या कारागिराकडे गेलो. जुन्या जॉय-कॉनची काडी, म्हणजे अंगठ्याने फिरवायची दांडी, आपोआप एका बाजूला सरकणे ही जगभरची तक्रार होती, इतकी की २०२० साली कंपनीच्या अध्यक्षांनी त्याबद्दल दिलगिरी व्यक्त केली. लॅमिंग्टन रोडला या दुखण्यावर चहा संपेपर्यंत इलाज होतो. नवी काडी डबीतून काढायची, चार पेच, एक पट्टी, झाले. ती डबी त्याच्याकडे काड्यांनी भरलेली होती. मी नव्या स्विचबद्दल विचारले. त्याने भिंग कपाळावर सरकवले आणि म्हणाला, ‘अजून एकही उघडला नाही. दोन-चार मोडके येऊ द्या, मग कळेल आत काय आहे ते.’

त्याचे बोलणे बाजाराच्या रीतीला धरून आहे. कंपनीचे सेवा केंद्र नसलेल्या शहरात दुरुस्तीचे ज्ञान आणि सुटे भाग मोडलेल्या यंत्रांमधूनच जमा होतात, आणि पुरेशी यंत्रे मोडायला एक-दोन वर्षे लागतात. पहिल्या हंगामात घेणारा माणूस ती मोडकी यंत्रे पुरवणाऱ्यांपैकी एक होण्याची शक्यता पत्करत असतो. स्विच २ च्या बाबतीत ही शक्यता थोडी अधिकच आहे. नव्या काड्यांमध्येही चुंबकीय, न झिजणारी पद्धत वापरलेली नाही. जुन्यासारखीच घासून चालणारी आहे. वस्तू उघडून तपासणाऱ्या आयफिक्सिटने या कन्सोलला दुरुस्तीच्या सोयीसाठी दहापैकी तीन गुण दिले, आणि आतली बॅटरी घट्ट चिकटवलेली असल्याची नोंद केली. काड्या याही वेळी सरकू लागतील असे मी म्हणत नाही. आमच्या सहा आठवड्यांत तसे काही झाले नाही, आणि सहा आठवड्यांत ते कळणारही नव्हते.

पहिल्या हंगामाचा इतिहासही याच बाजूने साक्ष देतो. एक्सबॉक्स ३६० नोव्हेंबर २००५ मध्ये अमेरिकेत आणि सप्टेंबर २००६ मध्ये भारतात आला. त्याच्या समोरच्या बटणाभोवती पेटणारी लाल कडी कुप्रसिद्ध झाली, आणि जुलै २००७ मध्ये मायक्रोसॉफ्टने वॉरंटी तीन वर्षांपर्यंत वाढवून त्यासाठी एक अब्ज डॉलरहून अधिक रक्कम बाजूला काढली. हा उदार निर्णय होता, पण त्याचा लाभ ज्याच्या हातात वॉरंटी होती त्यालाच. निन्टेंडोचा स्वतःचा ३डीएस २०११ साली २४९.९९ डॉलरना आला आणि पाच महिन्यांत १६९.९९ डॉलरवर उतरला. आधी घेतलेल्यांची समजूत काढण्यासाठी कंपनीने त्यांना वीस जुने गेम फुकट दिले. पहिला स्विच मार्च २०१७ मध्ये आला तेव्हा बॅटरी अडीच ते साडेसहा तासांची होती, आणि ऑगस्ट २०१९ मध्ये त्याच किमतीत, त्याच रूपात, साडेचार ते नऊ तासांची आवृत्ती निघाली. आमचा २०२० चा स्विच हा त्यातला आहे. आमच्या इमारतीत चौथ्या मजल्यावर पहिल्या वर्षीचा एक आहे. दोन्ही एकाच वेळी चार्ज करून मुले गच्चीवर बसतात तेव्हा कोणाला आधी खाली जावे लागते हे सगळ्यांना ठाऊक असते.

प्लेस्टेशन ५ ची गोष्ट थोडी वेगळी आहे, आणि ती माझ्या ‘थांबा’ म्हणण्याला अर्धा छेद देते. तो अमेरिकेत १२ नोव्हेंबर २०२० रोजी आणि भारतात २ फेब्रुवारी २०२१ रोजी, ४९,९९० रुपयांना आला. १२ जानेवारीला दुपारी आगाऊ नोंदणी सुरू झाली आणि काही मिनिटांत संपली. मी ऑफिसच्या संगणकावर पान ताजे करत बसलो होतो, आणि माझ्या हाती जेवणाचा थंड डबा तेवढा आला. पुढे चिपच्या टंचाईमुळे दीड-दोन वर्षे तो छापील किमतीला मिळणे हीच बातमी असे. त्या काळात थांबणाऱ्याचे काही बिघडले नाही. साठवण वाढवण्यासाठी आत दिलेली एसएसडीची जागा पहिले दहा महिने सॉफ्टवेअरने बंदच ठेवलेली होती. ती सप्टेंबर २०२१ मध्ये उघडली. म्हणजे ज्यांनी पहिल्या दिवशी पैसे मोजले त्यांच्या खोक्यात काही गोष्टी अजून यायच्या होत्या. मी २०२२ च्या दिवाळीआधी घेतला तेव्हा सगळे जागेवर होते. पण त्यानंतर लगेच, नोव्हेंबरमध्ये, किंमत पाच हजारांनी वाढून ५४,९९० झाली. मी वाचलो तो शहाणपणामुळे नव्हे, बोनस वेळेवर झाला म्हणून.

थांबले की स्वस्त होते, हा नियम आता राहिलेला नाही. अमेरिकेत एक्सबॉक्स सिरीज एक्स २०२० मध्ये ४९९ डॉलरना आला आणि मे २०२५ मध्ये ५९९.९९ झाला. प्लेस्टेशन ५ ऑगस्ट २०२५ मध्ये तिकडे पन्नास डॉलरनी महागला. आठ वर्षांचा म्हातारा पहिला स्विचही त्याच महिन्यात २९९.९९ वरून ३३९.९९ वर गेला. तेव्हा स्विच २ साठी थांबायचे तर किंमत उतरेल या आशेवर थांबू नये. थांबण्याची खरी कारणे दोन: यंत्राचे दोष इतरांच्या हातात उघडे पडावेत, आणि खेळण्यासारखे काही जमावे.

दुसऱ्या कारणाविषयी थोडक्यात. पहिल्या दिवशी या यंत्राकडे स्वतःचा असा एकच मोठा गेम होता, ‘मारिओ कार्ट वर्ल्ड’, चोवीस गाड्यांच्या शर्यतीचा, आणि तो एकटाच ७९.९९ डॉलरचा, म्हणजे सात हजारांच्या घरात. १७ जुलैला ‘डाँकी काँग बनान्झा’ आला आणि आमच्या घरातली शर्यत थांबून फोडाफोडी सुरू झाली. पुतण्याचे मत असे, की तो दुसरा गेम पहिल्याच दिवशी असता तर त्याला कन्सोल घेतल्याबद्दल सहा आठवडे बायकोला, म्हणजे होणाऱ्या बायकोला, समजावत बसावे लागले नसते. (मुली पाहण्याचा कार्यक्रम यशस्वी झाला आहे.) यंत्राची ओळख करून देणारा एक छोटा सॉफ्टवेअर-दौराही आहे, आणि त्याचे कंपनी वेगळे ९.९९ डॉलर घेते. नवे घर घेतल्यावर बिल्डरने खोल्या दाखवायचे पैसे घ्यावेत तसे हे आहे.

मुंबईच्या दृष्टीने गेमबाबत आणखी एक गोष्ट महत्त्वाची आहे. इथे कार्ड घेण्याचे मोठे कारण म्हणजे ते खेळून झाल्यावर लॅमिंग्टन रोडला परत देता येते आणि अर्ध्या-पाऊण किमतीत दुसरे घेता येते. स्विच २ वर अनेक कंपन्यांनी ‘गेम-की कार्ड’ आणले आहे: कार्डात गेम नसतोच, असते ती फक्त किल्ली. गेम सगळा डाउनलोड करायचा आणि खेळताना कार्डही आत ठेवायचे. ते विकता येते, हे खरे, पण आतली २५६ जीबी जागा लवकर भरते, आणि ती वाढवायला साधे मायक्रोएसडी कार्ड चालत नाही, मायक्रोएसडी एक्सप्रेस लागते. तिकडे २०२५ मध्ये २५६ जीबीचे असे कार्ड साठ डॉलरला होते. इथे जुलैअखेर मला एका दुकानदाराने काउंटरवर साधे कार्ड ठेवून ‘हे फास्टवालं आहे’ असे सांगितले. निन्टेंडोचे भारतासाठी ई-शॉपही नाही; दुसऱ्या देशाचे अकाउंट आणि त्या देशाची गिफ्ट कार्डे हा रूढ मार्ग आहे. जुना स्विच वापरणाऱ्यांना त्याची सवय असते, पण पहिलाच कन्सोल घेणाऱ्या आईवडिलांनी हे आधी विचारून घ्यावे. तसा पहिलाच कन्सोल घ्यायचा असेल आणि घरात कोणी परदेशी ये-जा करणारे नसेल, तर मी आज स्विच २ सुचवणार नाही. भारतात बिलासह आणि वॉरंटीसह मिळणारे प्लेस्टेशन आणि एक्सबॉक्स हे दोन पर्याय समोर असताना पहिला अनुभव बिनबिलाच्या खोक्यावर का घ्यावा?

ज्यांच्याकडे जुना स्विच आणि त्याची कार्डे आहेत, त्यांचे उत्तर निराळे असू शकते, आणि आमचे तसेच निघाले. जूनमध्ये लॅमिंग्टन रोडवर ५२ हजार द्यायला मी नाही म्हटले. मुलीने तीन दिवस अबोला धरला, मग तिची पुतण्याच्या यंत्रावर हक्काची वेळ वाढवून तह झाला. तिसऱ्या फेरीत, जुलैच्या शेवटच्या शनिवारी, भाव दोन-तीन हजारांनी उतरले होते, ‘टेस्टिंग’ तेवढेच सात दिवसांचे होते आणि जिन्याखालच्या कारागिराकडे अजून एकही मोडका स्विच २ आलेला नव्हता. शेवटची ही बातमी मी यंत्राच्या बाजूने धरली आहे.

पुतण्या परत गेला आहे. सप्टेंबरमध्ये माझ्या वहिनी त्याच्याकडे जाणार आहेत आणि दिवाळीपूर्वी परतणार आहेत. येताना त्या आमच्यासाठी एक स्विच २ आणतील असे ठरले आहे. २०२५ च्या नियमांनुसार परदेशातून येताना ५० हजारांपर्यंतच्या सामानावर शुल्क लागत नव्हते, आणि कन्सोलची किंमत त्याच्या आत बसत होती. एक वर्षाची अमेरिकी वॉरंटी पुतण्याच्या पत्त्यावर राहील. काही निघाले, तर कन्सोल पुढच्या जाणाऱ्या माणसाबरोबर न्यू जर्सीला जाईल, आणि आमच्या नात्यात वर्षभरात जाणारी-येणारी चार माणसे तरी असतात. तोवर जूनमध्ये घेतलेल्या लाखो लोकांच्या हातात त्याला चार महिने झालेले असतील. रंग एकच असल्यामुळे मुलीला निवड करायची नाही, फक्त एक्सप्रेस कार्ड विसरू नका एवढा निरोप तिने काकूंना चार वेळा पाठवला आहे. मी वहिनींना एवढेच सांगितले आहे, की दुकानाची पावती खोक्यात ठेवू नका, पर्समध्ये ठेवा, आणि मोबाईलवर तिचा फोटो काढून त्याच दिवशी मला पाठवा.